'लाइव्ह अ लाइव्ह' पहिल्यांदा खेळताना

जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेत खेळायचे व्हिडिओ गेम, खेळायला सुरुवात करणाऱ्याला जो तो ठरलेली तीन-चार नावं सांगतो. त्या यादीत 'लाइव्ह अ लाइव्ह' सहसा नसतो आणि मला ते खटकतं. आळीपाळीने चाली करायच्या लढाया असलेला गेम किती तऱ्हेच्या गोष्टी सांगू शकतो, हे मला याच्याइतकं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसलेलं नाही. म्हणून हा लेख ज्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. कथेतली गुपितं यात फोडलेली नाहीत.

तो मागे का पडला याला सरळ कारणं आहेत. स्क्वेअर कंपनीने तो २ सप्टेंबर १९९४ रोजी जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या गेम-यंत्रावर काढला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच कंपनीचा 'फायनल फँटसी ६' येऊन गेला होता आणि पुढच्या मार्चमध्ये 'क्रोनो ट्रिगर' आला. दोन्हींचा एवढा बोलबाला झाला की मधल्या गेमकडे कोणाचं फारसं लक्षच गेलं नाही. जपानबाहेर तर तो निघालाच नाही. २००१ साली एऑन जेनेसिस या हौशी गटाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा कुठे बाहेरच्या लोकांना तो वाचता आला. अधिकृत इंग्रजी आवृत्तीसाठी जवळजवळ २८ वर्षं थांबावं लागलं. दिग्दर्शक ताकाशी तोकिता मात्र काही नवखे नव्हते. 'फायनल फँटसी ४' चे ते मुख्य डिझायनर होते आणि 'क्रोनो ट्रिगर' च्या तीन दिग्दर्शकांपैकी एक.

गेमची मांडणी आधी समजून घ्या. सात अध्याय आहेत, सात नायक आहेत, सात वेगवेगळे काळ आहेत: आदिमानवाचा काळ, प्राचीन चीन, एडो काळाच्या अखेरचा जपान, अमेरिकेतला काऊबॉयचा जमाना, वर्तमान, नजीकचं भविष्य आणि दूरचं भविष्य. कुठल्याही क्रमाने खेळता येतात. एकाचा दुसऱ्याशी वरवर काही संबंध दिसत नाही. सातही संपले की आठवा अध्याय उघडतो, आणि सगळ्यांच्या शेवटी एक अखेरचा. पूर्ण गेमला साधारण २० ते २५ तास पुरतात. या प्रकारच्या गेमच्या मानाने हे फारच कमी आहे आणि नवख्यासाठी तर सोयीचंच.

आधी आवृत्ती ठरवा

२२ जुलै २०२२ रोजी निन्टेंडो स्विचवर आलेली नवी आवृत्तीच घ्या. २७ एप्रिल २०२३ पासून ती प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५ आणि स्टीमवरही मिळते. तोकिता स्वतः तिचे निर्माते आहेत आणि मूळ गेममधलं बहुतेक सगळं तिने जपलं आहे. चित्रं एचडी-२डी शैलीतली आहेत, म्हणजे पात्रं जुन्या ठिपक्यांच्या धाटणीची आणि भोवतालचं जग खोली असलेलं, प्रकाश-सावल्यांचं. 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर' पासून ही शैली सगळ्यांच्या ओळखीची झाली.

दिसण्यापेक्षाही नवख्याला उपयोगाच्या दोन गोष्टी तिच्यात आहेत. लढाईत कोणाची चाल कधी येणार हे दाखवणारी पट्टी प्रत्येकाजवळ दिसते. मूळ गेममध्ये ते अंदाजाने ओळखावं लागायचं. दुसरं म्हणजे पुढे कुठे जायचं हे सांगणारा छोटा रडार. तो बंदही करता येतो, पण पहिल्या खेपेला चालू राहू द्या.

घ्यायचा की नाही याबद्दल मन डळमळत असेल तर आधी डेमो खेळा. त्यात चीन, एडो आणि दूरचं भविष्य या तीन अध्यायांची सुरुवात आहे, आणि पुढे गेम घेतलात तर तिथलं सेव्ह तसंच वापरता येतं. संवाद इंग्रजीत वाचावे लागतील. आवाजांची भाषा सेटिंगमधून बदलता येते. एडोचा अध्याय जपानी आवाजात आणि काऊबॉयचा इंग्रजीत ऐकून पाहा, दोन्हींची चव वाढते.

मग लढाईचा पट शिका

इथे थोडा वेळ द्या, कारण सगळ्या अध्यायांत जवळपास ही एकच गोष्ट सारखी आहे. लढाई ७ बाय ७ घरांच्या पटावर होते. बुद्धिबळाप्रमाणे इथेही कोण कुठे उभा आहे यावर अर्धी लढाई ठरते. प्रत्येक वाराची स्वतःची पोच असते: कुणाचा ठोसा फक्त शेजारच्या घरापर्यंत जातो, कुणाची गोळी पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत, तर एखादा वार फक्त तिरप्या घरांवर लागतो.

तुमची पट्टी भरली की चाल तुमची. पण एक घर सरकलात तरी वेळ जातो आणि तेवढ्यात शत्रूची पट्टीही भरत राहते. समजा शत्रू दोन घरं लांब आहे आणि तुमच्याकडे शेजारी उभ्या असलेल्यालाच लागेल असा वार आहे. तुम्ही पुढे सरकलात, त्याची पट्टी भरली, आणि पहिला फटका तुम्हालाच बसला. त्यापेक्षा चाल सोडून जागेवर थांबलात तर पुढे येण्यात वेळ त्याचा जातो. किंवा तिरप्या घरावर लागणारा वार असेल तर तो आहात तिथूनच घाला. आणखी एक: बाजूने किंवा पाठीमागून केलेला वार जास्त लागतो, त्यामुळे शत्रूचं तोंड कुठे आहे ते बघायची सवय लावून घ्या.

काही वार लगेच होत नाहीत, तयारीला वेळ घेतात. शत्रू अशी तयारी करताना दिसला की त्याच्या टप्प्यातून बाजूला व्हा. तुमचा माणूस तयारी करत असेल तर तेवढा वेळ तो टिकेल का याचा आधी विचार करा. काही वारांनी घरांवर आग, विष, पाणी असं काहीतरी पसरतं आणि त्यावर उभ्या असलेल्याला सतत इजा होते, काही शत्रूंना मात्र उलट त्यातूनच ताकद मिळते. आणि ज्याच्या जोरावर बाकीचे लढतात तो म्होरक्या पडला की उरलेले सगळे एकदम नाहीसे होतात. चार-पाच जण अंगावर आले की आधी म्होरक्या शोधायचा, किरकोळांच्या मागे धावायचं नाही.

आता दिलासा देणाऱ्या गोष्टी. जादूचे गुण वगैरे काही जपावे लागत नाहीत, येतो तो प्रत्येक वार हवा तितक्या वेळा करता येतो. लढाई संपली की जखमा आपोआप भरून येतात. तुमचा एखादा साथीदार गुडघ्यावर आला तर कुठल्याही उपचाराने तो पुन्हा उभा राहतो. मात्र त्या अवस्थेत त्याला आणखी एक फटका बसला की तो त्या लढाईतून बाद होतो. त्यामुळे औषधं साठवून ठेवण्यात अर्थ नाही. एका अध्यायातली औषधं त्याच अध्यायात वापरून टाका.

कुठून सुरुवात करायची

गेम कुठलाही क्रम चालेल असं म्हणतो आणि ते खरंच आहे. तरीही क्रमाने फरक पडतो. इथे प्रत्येक अध्याय आपले नियम बदलतो. एकात लढायाच लढाया आहेत, एकात जवळजवळ नाहीतच. एकात संवाद नाहीत, एकात लपून राहायचं आहे. एका अध्यायात लागलेली सवय दुसऱ्यात घेऊन गेलात तर अडखळायला होतं आणि मग गेमच विस्कळीत वाटू लागतो. म्हणून अध्याय सुरू झाला की पहिली दहा मिनिटं एकच प्रश्न मनात ठेवा: इथे मला काय करायला सांगितलंय?

माझा सल्ला आहे की सुरुवात काऊबॉयच्या अध्यायाने करा. तो तासाभरात संपतो आणि या गेमचा स्वभाव त्यात पुरेपूर उतरला आहे. सनडाउन किड हा डोक्यावर इनाम लागलेला बंदुकबाज सक्सेस टाउन नावाच्या गावात येतो. त्याचा माग काढत मॅड डॉग हा दुसरा बंदुकबाजही तिथे पोचतो. गावावर दरोडेखोरांची टोळी चालून येणार असते आणि हातात असते फक्त एक रात्र. आठ वेळा घंटा होईपर्यंत घराघरांत शिरून सामान शोधायचं – दोर, फावडं, डायनामाइट – आणि ते गावकऱ्यांच्या हाती देऊन सापळे लावून घ्यायचे. कोण झटपट काम उरकतो, कोण भीतीने हात आखडता घेतो, हे माणसं पाहून ठरवायचं. जितके सापळे वेळेत लागतील तितके दरोडेखोर लढाईआधीच कमी होतात. दोन घंटांमध्ये सामान हातात धरून बंद दारांसमोर धावताना जो ताण येतो, तो कुठल्याही बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, लढाईपेक्षा कमी नाही. एक करा: शोधाशोध आधी आटपा आणि सामान सापडेल तसं लगेच वाटत जा. शेवटच्या घंटेपर्यंत हातात ठेवलेलं सामान वाया जातं.

त्यानंतर चीन. म्हातारा कुंग-फू गुरू आपली विद्या कुणाला द्यावी याच्या शोधात निघतो आणि त्याला तिघे भेटतात: वाटसरूंना लुटणारी लेई कुगो, बाजारात पाकीट मारणारा युन जोऊ आणि दांडगाई करणारा खादाड हाँग हाक्का. गुरूची स्वतःची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, वाढत नाही. या वयात त्याने आणखी काय शिकायचं? वाढायचं ते शिष्यांनी, आणि गुरू ज्याच्याशी सराव करतो तो वाढतो. नवख्याने तिघांना सारखा वेळ वाटून देण्यापेक्षा एकाकडे जास्त लक्ष द्यावं असं मी म्हणेन. कुणाकडे, ते मात्र तुमच्या मनाने ठरवा. इथे अमुक शिष्य बरोबर आणि तमुक चूक असं काही नाही, आणि जो निवडाल तो पुढेही तुमच्यासोबत राहणार आहे.

तिसरा वर्तमानाचा. मासारू ताकाहारा या तरुणाला जगातला सर्वांत बलवान व्हायचं आहे, म्हणून तो एकेका मल्लाला आव्हान देतो. गावं नाहीत, फिरणं नाही, फक्त प्रतिस्पर्धी निवडायचा पडदा आणि लढाया. यातली मेख अशी की प्रतिस्पर्ध्याचा डाव अंगावर बसला तरच मासारू तो शिकतो. म्हणून पट्कन जिंकू नका. समोरच्याला त्याचे सगळे डाव टाकू द्या, आपली शिकलेल्या डावांची यादी तपासा, आणि मगच त्याला चीत करा, कारण हरवलेल्याशी पुन्हा लढता येत नाही. हरलात तर काळजी नको, पुन्हा लढता येतं. हा अध्याय पहिला घेऊ नका असं सांगण्याचं कारण एवढंच, की तो घेतलात तर सगळा गेम असाच असणार असा समज होतो. तिसऱ्या जागी मात्र तो पटाची उत्तम तालीम ठरतो. अध्यायाचा सगळा थाट मारामारीच्या आर्केड गेमचा आहे, आणि गेमचं संगीत 'स्ट्रीट फायटर २' ला संगीत देणाऱ्या योको शिमोमुरांनी केलं आहे, हे ठाऊक असलं की ऐकताना आणखी मजा येते.

चौथा आदिमानवाचा. त्यात एकही वाक्य बोललं जात नाही. हातवारे, हुंकार आणि चेहरे एवढ्यावर सगळी कथा उभी आहे, विनोदही बराच रांगडा आहे. नायक पोगो वास घेत फिरतो. वास घेतला की प्राणी कुठे दडलेत, माणसं कुठे गेलीत ते कळतं. वाट सापडेनाशी झाली की पहिलं काम वास घेण्याचं. जमेल तेवढी हाडं, दगड, कातडी गोळा करा, दोन वस्तू एकत्र करून गुहेत हत्यारं बनवून मिळतात. इथल्या लढाया पहिल्या तीन अध्यायांपेक्षा अवघड वाटतील, पण हत्यारं नीट असली की निभावतं.

दूरच्या भविष्यात घाई करू नका

या अध्यायावर लोक सर्वांत जास्त वैतागतात आणि मला तो सर्वांत जास्त आवडतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. पृथ्वीकडे निघालेल्या कोगितो एर्गोसुम या यानावर नुकताच तयार झालेला क्यूब नावाचा छोटा गोल रोबो हा तुमचा नायक. यानावर मोजकी माणसं आहेत, त्यांच्यात धुसफूस आहे, आणि मालाच्या कोठारात एक भयंकर प्राणी बंद करून ठेवलेला आहे. मग एकेक गोष्ट बिघडत जाते.

या अध्यायात शेवटची सोडली तर खरी लढाईच नाही. चालायचं, दारं उघडायची, संगणकावर नोंदी वाचायच्या, माणसांशी बोलायचं. क्यूब बोलू शकत नाही. तो कॉफी आणून देतो आणि ऐकतो. चाली रचायच्या तयारीने आलेला खेळाडू इथे अर्ध्या तासात कंटाळतो, कारण त्याची नजर लढाई शोधत असते. आधीचे चार अध्याय लढून झाल्यावर हा पाचवा घेतलात तर तीच शांतता अंगावर येते. हेडफोन लावा आणि एका बैठकीत संपवा. कथा एखाद्या ठिकाणी अडली असं वाटलं तर सगळ्यांशी पुन्हा बोला, कुणाचं तरी वाक्य बदललेलं असतं. विश्रांतीच्या खोलीत 'कॅप्टन स्क्वेअर' नावाचं आर्केड यंत्र आहे. लढाईची तलफ आलीच तर ते खेळा, पटावरची कोडी आहेत ती आणि शेवटच्या लढाईसाठी हातही बसतो.

सहावा, नजीकचं भविष्य. अनाथाश्रमात वाढलेल्या अकिराला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. एक बटण दाबलं की समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते वाचता येतं, आणि ते प्रत्येकावर करून पाहा, अगदी रस्त्यावरच्या अनोळखी माणसावरही. कथा जुन्या जपानी रोबो-मालिकांच्या आवेशातली आहे. प्रचंड यंत्र, जळजळीत भाषणं, सगळं काही. नव्या आवृत्तीत त्या रोबोचं गाणं हिरोनोबू कागेयामांनी गायलंय, ते लागलं की आवाज वाढवा.

एडो शेवटी ठेवा. ओबोरोमारू या निंजाला एका किल्ल्यात शिरून बंदिवानाला सोडवायचं आहे. गुप्त वाटा, फसव्या भिंती, पहारेकरी, तळघरं – सातांमधला हा सर्वांत मोठा आणि मोकळा नकाशा आहे. निंजा आपल्या वस्त्राआड लपून पहारेकऱ्यांना चुकवू शकतो. किती माणसं मारलीत याची गेम मोजणी ठेवतो. एकालाही न मारता जाणाऱ्याला वेगळं बक्षीस आहे, १०० जणांना मारणाऱ्याला वेगळं. ऐकून मोह होतो, पण पहिल्या खेपेला या आकड्यांच्या नादी लागू नका. वाटा ठाऊक नसताना दोन्ही गोष्टी खूप त्रास देतात आणि एवढा सुंदर किल्ला बघायचा राहून जातो. लपता येईल तिथे लपा, पकडले गेलात तर लढा. हवं असल्यास अध्यायाच्या सुरुवातीचं एक सेव्ह बाजूला ठेवा, पुढे कधीही परत येता येईल. या अध्यायातली पात्रं गोशो आओयामांनी रेखाटली आहेत. सात अध्यायांसाठी सात निरनिराळे मांगाकार, म्हणजे जपानी चित्रकथा काढणारे, घेतले होते, आणि प्रत्येक काळाचे चेहरे इतके वेगळे का वाटतात याचं उत्तर त्यात आहे.

सातही संपल्यावर

आठव्या अध्यायाबद्दल मी एवढंच सांगेन की तो मध्ययुगीन आहे, नायक ओर्स्टेड हा योद्धा आहे, आणि वरवर पाहता तो अगदी ठरावीक साच्यातला वाटतो: राजा, राजकन्या, राक्षसांचा राजा. पहिला तास तसाच जातो. सोडू नका. आणि कृपा करून त्याच्याबद्दल आधी कुठे वाचू नका, त्यावरचे व्हिडिओही पाहू नका. १९९४ मध्ये ज्यांनी तो खेळला ते अजूनही या गेमबद्दल बोलतात ते मुख्यतः याच अध्यायामुळे. तिथे पोचेपर्यंत एक काम करत या: प्रत्येक अध्यायाच्या शेवटच्या शत्रूचं नाव नीट वाचून ठेवा.

अखेरच्या अध्यायात कुणाला पुढे करून खेळायचं हे तुम्हाला निवडावं लागतं, आणि त्या निवडीवर शेवट बदलतो. निवड करण्याआधी वेगळ्या जागी सेव्ह करा आणि त्या सेव्हला पुन्हा हात लावू नका. पहिल्या खेपेला सातांपैकी जो तुम्हाला मनापासून आवडला तोच घ्या. बाकीचे नायक त्याच जगात विखुरलेले असतात, त्यांना शोधून काढा. गटात एका वेळी चौघेच मावतात, पण न घेतलेल्यांनाही भेटायचं राहू देऊ नका.

आणि एकेका नायकाशी नातं सांगणाऱ्या भुयारी जागाही तिथे आहेत. तिथे प्रत्येकासाठी जबरदस्त हत्यारं ठेवलेली आहेत. ती मिळवण्यासाठी पुन्हा नियम बदलतात, पण एव्हाना तुम्हाला त्याची सवय झालेली असेल. शेवटच्या लढाईला जाण्याआधी निदान आपल्या चौघांच्या जागा तरी पूर्ण करा. शेवट पाहून झाला की बाजूला ठेवलेलं ते सेव्ह उघडा आणि या वेळी वेगळा नायक निवडा. ओर्स्टेडला निवडता येतं, तेही एकदा पाहाच.